आधी पलंगावर, मग फोटोत

कुर्ता मला मनापासून आवडला होता. पिस्त्याचा रंग, गळ्याभोवती बारीक पांढरं भरतकाम आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस खिसे. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात सेल लागला होता, मी एकटाच आत शिरलो आणि फारसा घोळ न घालता बाहेरही आलो. एकट्याने कपडे घेण्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात मोजकेच, त्यामुळे छाती जरा फुगलेली होती. घरी दाखवला असता तर अलकाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो उलटा करून शिवण तपासली असती. म्हणून पिशवी तशीच गाडीत ठेवली आणि संध्याकाळी आम्ही दोघं पंचवटीत दादाकडे गेलो, तेव्हा तिथल्या आतल्या खोलीत जाऊन कुर्ता चढवला आणि एकदम हॉलमध्ये अवतरलो.

वहिनींनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. उठल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली, कापड दोन बोटांत धरून बघितलं.

"छान आहे हो भाऊजी. रंग छान, कापड छान. फक्त अलकाला खांद्यात जरा सैल होईल."

"अलकाला कशाला?"

"मग बायकांचा कुर्ता तुम्ही कुणासाठी आणलात?"

हल्ली बायकांच्या कुर्त्यालाही खिसे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि छातीपाशी कापडाला ज्या नाजूक चिमट्या घेतल्या होत्या, त्या मी कारागिरी समजत होतो. अलका ओढणीचा बोळा तोंडात धरून हसत होती. दादाने पेपर खाली घेतला, मला नीट न्याहाळलं आणि "मागून बरा दिसतोय," एवढं बोलून पेपर पुन्हा वर केला.

वहिनी मात्र हसल्या नाहीत. कामाच्या वेळी त्या हसत नाहीत. त्यांनी कुर्ता माझ्या अंगावरून उतरवून घेतला, घडी घातली आणि अलकाच्या मांडीवर ठेवला. "हा तुझा. पांढरी सलवार आहे ना? झालं तर मग, एक माणूस उरकलं."

अशा रीतीने फोटोसाठी मी घेतलेल्या कपड्यांत बायको सजली आणि मी पुन्हा बनियनवर आलो.

फोटोचं प्रकरण असं होतं. कुसुमवहिनी साठीच्या झाल्या. दादाने विचारलं, साडी घ्यायची का, कुठे फिरायला जायचं का. वहिनी म्हणाल्या, मला एक फोटो हवा. सगळ्यांचा, मोठा, चांगल्या माणसाने काढलेला. "आणि त्यात हे आणि रोहन शेजारी शेजारी उभे पाहिजेत. बाकी मला काही नको."

बाकी काही नको म्हणणारी माणसं नेमकी अशी जड वस्तू मागतात. कारण दादा आणि त्याचा मुलगा रोहन यांचं दीडएक वर्ष बोलणं बंद होतं.

दादाचं भांडी बाजारात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. माणूस इतका सोवळा की खोकल्याचं औषधसुद्धा आधी झाकण उघडून हुंगणार आणि शंका आली तर परत करणार. त्याच्या एकुलत्या एका मुलाने हॉटेलातली बरी नोकरी सोडून गंगापूर धरणाच्या पलीकडे एका वायनरीत नोकरी धरली. येणाऱ्या पर्यटकांना द्राक्षबागेतून फिरवायचं आणि शेवटी ग्लास हातात देऊन वाइन कशी चाखायची ते शिकवायचं, हे त्याचं काम. हे कळलं त्या दिवशी दादा काही बोलला नाही आणि नंतरही बोलला नाही. रोहन आणि त्याची बायको नेहा पाथर्डी फाट्याला वेगळे राहू लागले. दर रविवारी दोघं जेवायला यायची. बाप आणि मुलगा एकाच ताटलीतली कोशिंबीर वाढून घ्यायचे, पण बोलायचे ते वहिनींमार्फत.

"आई, बाबांना सांग, गाडीचा इन्शुरन्स संपत आलाय."

"अगं, त्याला सांग, मला माहितीये."

मधे बसलेल्या वहिनी भाकरीचा तुकडा हातात धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघायच्या. सुरुवातीला त्या निरोप खरंच पोचवायच्या. पुढे नुसती मान हलवायच्या. एकदा मात्र चिडून म्हणाल्या, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे का?" त्यानंतर जेवण संपेपर्यंत नुसता ताटांचा आवाज.

वहिनी मूळच्या देवळ्याच्या. वडील कांद्याचे व्यापारी. लहानपणी शाळेतून आलं की खळ्यात बसून कांदा निवडायचा, मोठा एकीकडे, मधला एकीकडे, आणि लहान तो गोल्टी म्हणून वेगळा. ती नजर त्यांची कायम राहिली. घरात पाहुणा आला की त्या त्याला मनातल्या मनात कुठल्या ढिगात टाकतात ते आम्हाला चेहऱ्यावरून कळतं. मी उंचीने बेताचा. लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या तेव्हा मी अकरावीत होतो, आणि पहिल्याच ग्रुप फोटोच्या वेळी या नव्या नवरीने मला दंडाला धरून पुढे बसवलं होतं. "गोल्टी पुढे." तेव्हापासून आजपर्यंत मी प्रत्येक फोटोत पुढे बसलेला आहे. आमच्या खानदानात माझे गुडघे जितके प्रसिद्ध आहेत तितका चेहरा नाही.

शहरात इतकी वर्षं काढून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली आहे. पण मन हललं की देवळ्याची अहिराणी वर येते. वहिनी "हे काय आहे?" म्हणाल्या तर समजावं, सगळं ठीक आहे. "हाई काय शे?" म्हणाल्या की घरातल्यांनी आपापली कामं आठवावीत.

फोटोला कोणी काय घालायचं हे ठरवण्याची त्यांची स्वतःची एक पद्धत आहे आणि ती मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितलेली नाही. त्या आधी पलंगावर फोटो काढतात. म्हणजे सगळ्यांचे कपडे मागवायचे आणि पलंगावर नेमके तसे मांडायचे, जशी माणसं फोटोत उभी राहणार. मागच्या रांगेतले शर्ट उशांकडे, पुढे बसणाऱ्यांचे पायथ्याशी, साड्यांचे पदर काढलेले. मग स्वतः स्टुलावर चढून वरून बघायचं. चष्मा वर, चष्मा खाली. "ही भडक झाली. हे दोन निळे एकत्र नको, कोपरा बुडाला." मग उतरायचं, बदलायचं, पुन्हा चढायचं. हे सुरू झालं रोहनच्या बारशापासून. त्या बारशाला दादा सोडून आम्ही सगळे पुरुष योगायोगाने पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घालून गेलो होतो आणि फोटो आला तेव्हा पाळण्यामागे कुणीतरी गाद्या उन्हात वाळत घातल्यासारखं दिसत होतं. वहिनींना तो फोटो फार लागला. त्यांनी तो अजून कुणाला दाखवू दिलेला नाही.

या वेळी नेहाने फोटोग्राफर ठरवला होता आणि त्या फोटोग्राफरने थीम सांगितली होती. सगळ्यांनी पांढरं किंवा बेज. नेहाने मोबाईलवर नमुने दाखवले. समुद्रकिनाऱ्यावर, सगळे पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, हसतायत.

वहिनींनी बराच वेळ बघितलं. "यांचं कोण गेलं?"

"आई, कोणी गेलं नाहीये. पेस्टल थीम आहे ही."

"अगं बाई, आपण सगळे पांढरं घालून एका जागी उभे राहिलो तर लोक भेटायला येतील."

बेज म्हणजे कसला रंग हे समजावून द्यायला नेहाने एक ओढणी आणली. वहिनींनी ती उजेडात धरली. "हा होय? हा तर चहा सांडलेला रंग." इथे थीम संपली. नेहा गुणी मुलगी, तिने फोटोग्राफरला कळवून टाकलं की आमच्याकडे थीम घरचीच असते.

वहिनींचा दुसरा कायदा म्हणजे नवे कपडे फोटोत चालत नाहीत. नवं कापड माणसाला ओळखत नाही म्हणतात. ते एकदा धुवायचं, एकदा तरी घालायचं, त्यात एकदा जेवायचं. मी अलकाला बघायला कळवणला निघालो तेव्हा हौसेने शिवलेला नवा शर्ट त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला होता.

"नव्या शर्टात माणूस परक्याच्या घरात बसल्यासारखा बसतो."

"वहिनी, परक्याच्याच घरी चाललोय."

"मग मुद्दाम सांगायचं कशाला?"

मी दादाचा जुना पांढरा बुशशर्ट घालून गेलो, खांदे दंडावर उतरलेले. अलका पुढे कितीतरी वर्षांनी म्हणाली, तुम्ही इतके गरीब दिसत होतात की मला नाही म्हणवेना.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगतोय. ज्या दोघांचं आपसात बिनसलेलं असेल, त्यांना वहिनी एका ताग्यातलं कापड घेतात. हा उपाय त्यांनी आमच्यावरच पहिल्यांदा केला. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. परतताना गर्दीत बस आली, मी विजेच्या वेगाने चढून खिडकीशी दोन जागा धरल्या आणि जिंकल्यासारखा बाहेर बघत बसलो. बस अंजनेरीपर्यंत आली तेव्हा कंडक्टरने विचारलं, या जागेवर कोण आहे? मी म्हटलं, माझी बायको. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती स्टँडवर पेढे घेत होती.

अलका त्यानंतर माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही, आणि चूक माझी असूनही मीही रुसून बसलो. वहिनींनी मध्ये पडून समजूत वगैरे घातली नाही. एका लग्नासाठी म्हणून त्यांनी मला शर्ट शिवून आणला आणि अलकाला ब्लाउज. दोन्ही एकाच कापडाचे. मरून, त्यावर पिवळे ठिपके. आम्ही दोघं त्या वेशात मांडवात शिरलो आणि एका आजोबांनी माझ्या दंडाला धरून विचारलं, "काय हो, वरात कधी काढताय? आणि बाकीचे वाजवणारे कुठायत?" जेवताना शेजारच्या बाईंनी अलकाला विचारलं, तू गातेस का. अलका वहिनींना ताई म्हणते. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "ताईंना काही कळत नाही," आणि मी म्हटलं, "अजिबात कळत नाही." आमचं बोलणं तिथून सुरू झालं.

मी नंतर वहिनींना विचारलं होतं, एका कापडाने माणसं जवळ येतात असं वाटतं का तुम्हाला? त्या लसूण सोलत होत्या. "छे हो. चिडतात. दोघं मिळून एकाच गोष्टीवर चिडले की झालं."

तर यंदा रोहनसाठी आणि दादासाठी एका ताग्यातले दोन शर्ट शिवून आले. रंग कोवळ्या दोडक्याचा. दादाने जन्मभर पांढऱ्या बुशशर्टाशिवाय काही घातलेलं नाही. लग्नातल्या फोटोतही तो सुटाच्या आत पांढराच आहे.

फोटोच्या आदल्या रविवारी रंगीत तालीम होती. वहिनींच्या घरी तालीम म्हणजे मिसळ. सगळ्यांनी फोटोचे कपडे घालून लालभडक रश्शाची मिसळ खायची. ज्याच्या कपड्यावर डाग पडला नाही तो फोटोला लायक. आम्ही पोचलो तेव्हा पलंगावर फोटो मांडून तयार होता. पायथ्याशी माझा जुना निळा कुर्ता, त्याच्या शेजारी अलकाचा, म्हणजे खरं तर माझाच, पिस्ता. नेहाची मोतिया साडी. उशांकडे वहिनींची स्वतःची जांभळी साडी, आणि तिच्या बाजूला, बरोबर मध्यभागी, दोन हिरवे शर्ट. एकाची बाही त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकली होती. दुसऱ्याचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं, नुसतं ठेवलं होतं. बाही त्या पाकिटावर.

दादा खोलीच्या दारात उभा राहून ते बघत होता. मग तो आत आला, आपला शर्ट उचलला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. "मी माझ्या शर्टात बरा आहे," असं कुणालाच न सांगता सांगितलं आणि पांढऱ्या शर्टातच मिसळ खायला जाऊन बसला.

तेवढ्यात रोहन आला. पलंगाकडे बघितलं, हॉलमधल्या बापाकडे बघितलं. आपलं पाकीट उचलून बॅगेत टाकलं. "आई, बाबांना सांग, मी दुसरं काहीतरी घालतो. त्यांना उगाच त्रास नको."

वहिनींनी सांगितलं नाही. मिसळ वाढली. पाव वाढले, दही वाढलं, दादाला तर्री कमी, रोहनला जास्त, सगळं नेहमीसारखं. मीच तेवढा रस्सा कुर्त्यावर सांडला आणि त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मला भीती वाटली. जेवणं झाल्यावर त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंगावरची आपली जांभळी साडी उचलली आणि घडी घालू लागल्या. अलका दारात गेली.

"ताई, हे काय?"

"पाच जणांचा काढा." घडी चुकत होती, त्या पुन्हा घालत होत्या. "ते दोघं शेजारी उभे राहिले तर मी. नाहीतर माझं काय काम? हाई काय शे, अलका? घरातली दोन माणसं, आणि मी दर रविवारी दोन वेगळ्या घरांत जेवू घालतेय. आते काय करो मी?"

हॉलमध्ये सगळं ऐकू येत होतं. दादा आणि रोहन दोघंही आपापल्या रिकाम्या वाटीकडे बघत होते.

त्या आठवड्यात नेहाच्या सांगण्यावरून मी दादाची समजूत घालायला दुकानात गेलो. दादा एका नव्या घंगाळावरचं स्टिकर अंगठ्याच्या नखाने काढत बसला होता. हे त्याचं ध्यान. स्टिकर न फाटता, मागे चिकटा न राहता अखंड निघालं पाहिजे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, भांडं स्टिकरसकट तो देत नाही.

"दादा, शर्टच आहे तो," मी म्हटलं.

"शर्टाचं कोण म्हणतंय?"

"मग?"

"तो लोकांना ग्लास देतो आणि सांगतो, वास घ्या. वास!"

"अरे पण वासच ना? तो कुठे..."

"आणि पिणारे काय घरून पिऊन येतात?" स्टिकर अखंड निघालं. त्याने ते बक्षीस दाखवावं तसं मला दाखवलं. "चहा घे आणि जा. तुला समजूत घालता येत नाही. लहानपणापासून."

हे खरं आहे. मी चहा घेतला आणि गेलो.

फोटो काढायचा होता तो जानेवारीतला शनिवार होता, धरणाच्या पाण्याकाठी, सूर्य खाली जायच्या आधी. वहिनी आमच्या गाडीतून आल्या. जांभळी साडी नेसल्या होत्या, पण दरवाजा लावतानाच त्यांनी जाहीर केलं, "साडी नेसले म्हणजे उभी राहीन असं नाही." मांडीवर एक पिशवी, तिच्यात आम्हा सगळ्यांचे जादा कपडे, सुईदोरा, सेफ्टी पिना, आणि माझ्या कुर्त्यासाठी खडू, डागावर लावायला. न उभं राहणाऱ्या बाईची तयारी जोरदार होती. दादा दुकानातून परस्पर रिक्षाने येणार होता. येणार होता की नाही, हे खरं कुणालाच माहीत नव्हतं.

फोटोग्राफर उत्साही मुलगा होता. "काकू, एकदम नॅचरल राहा," तो म्हणाला.

"नॅचरल राहिले तर पोट दिसेल," वहिनी म्हणाल्या आणि पाण्याकडे तोंड करून एका दगडावर बसल्या.

रोहन आणि नेहा आले. रोहन गाडीतून उतरला आणि आम्ही सगळे बघत राहिलो. त्याने पांढरा बुशशर्ट घातला होता. खिशाला पेन लावायचं तेवढं बाकी होतं. बापासारखाच.

"बाबांना हिरवा नको होता," तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "म्हटलं, त्यांचा आहे तसा आपण घालावा. दोघांचा एकसारखा झाला म्हणजे आईचं पण झालं. कसं वाटतंय, काका?"

मी म्हटलं, चांगलं वाटतंय. वहिनींनी लांबूनच बघितलं, त्यांना कळलं, आणि त्यांनी पदराचं टोक हाताभोवती गुंडाळायला घेतलं. आता फक्त दादा यायचा होता.

रिक्षा आली. दादा उतरला. गळ्यापर्यंत चेन ओढलेलं विंडचीटर, कानाला रुमाल. रिक्षावाल्याला "थांबू नकोस" म्हणाला, आमच्याकडे न बघता पाण्यापर्यंत चालत आला. रुमाल सोडला. चेन खाली ओढली.

आत दोडक्याचा हिरवा रंग होता.

मला आजही सांगता येणार नाही की आमच्यापैकी कोण पहिलं हसलं असतं. पण कोणीच हसलं नाही, कारण दादा रोहनच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत होता आणि रोहन दादाच्या हिरव्या शर्टाकडे. दोघांनी एकमेकांसाठी घरून निघताना जो काय विचार केला होता तो तिथे उतरत्या उन्हात उघडा पडला होता, आणि दोघांनाही तो झाकायला काही नव्हतं.

"तुझा कुठंय?" दादा म्हणाला.

रोहनने सवयीने मान वळवली. "आई, बाबांना सांग, गाडीत आहे."

वहिनी दगडावर बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पाण्याच्या पलीकडे काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं.

"आईला काय सांगतोस? मी विचारतोय ना?"

"गाडीत आहे."

"मग घाल की! मला एकट्यालाच पोपट करून उभं करताय का सगळे?"

"पण बाबा, तुम्हाला तो आवडत नाही म्हणून तर मी..."

"नाहीच आवडत! तरी मी घातलाच ना? तुला आवडतो?"

"छे. घाणेरडा आहे."

"मग? घाल!"

रोहन गाडीच्या आडोशाला गेला. पाकीट फाटल्याचा आवाज आला. तो हिरवा होऊन आला तेव्हा शर्टावर घड्यांच्या रेघा उमटल्या होत्या आणि कॉलरवर शिंप्याची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. वहिनींच्या कायद्याने हा शर्ट फोटोत उभा राहायला नालायक. न धुतलेला, न जेवलेला. पण वहिनींनी जादा कपड्यांच्या पिशवीला हात लावला नाही.

दादा जवळ गेला. "सरळ उभा राहा," म्हणाला. रोहनची मान एका हाताने जरा बाजूला केली, अंगठ्याचं नख चिठ्ठीच्या कडेखाली घातलं आणि सावकाश काढायला लागला. फोटोग्राफर म्हणाला, काका, उजेड चाललाय. दादाने ऐकलं नाही. रोहन मान वाकडी करून, श्वास धरल्यासारखा उभा होता, त्याला लहानपणी न्हाव्याकडे बसवायचे तसा. चिठ्ठी अखंड निघाली. दादाने ती कुठे टाकावी हे न सुचून स्वतःच्या खिशात ठेवली.

"चला," वहिनी म्हणाल्या. कधी उठून आल्या होत्या कळलं नाही. "भाऊजी, तुम्ही पुढे बसा."

मी पुढे बसलो.

"काका, मुलाच्या खांद्यावर हात ठेवा ना," फोटोग्राफर म्हणाला.

"हात राहू दे. तू फोटो काढ," दादा म्हणाला.

त्याने बरेच काढले. तो फोटो आता पंचवटीच्या हॉलमध्ये आहे, दारातून शिरतानाच दिसेल असा. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. माझे गुडघे नेहमीप्रमाणे चांगले आलेत. दोन हिरवे शर्ट शेजारी शेजारी ताठ उभे आहेत, एक इस्त्रीचा, एक घड्यांचा, दोघांच्या चेहऱ्यावर तोच वैताग. फक्त वहिनींचं तोंड कॅमेऱ्याकडे नाही. त्या बाजूला बघतायत, पदर खांद्यावरून घसरलाय, चष्मा कपाळावर राहिलाय. ज्या बाईने आम्हाला आयुष्यभर फोटोत कसं दिसावं ते शिकवलं, तिने सगळ्या फोटोंत एकच चूक केली. फोटोग्राफरने किती वेळा सांगितलं, काकू, इकडे बघा. बघितलंच नाही.

निघताना दादाला आमच्या गाडीत बसायचं होतं, पण वहिनींनी पिशवीतले जादा कपडे पसरून मागची सीट भरून टाकली होती. नेहा आमच्यात आली आणि ते कपडे मांडीवर घेऊन बसली. दादा रोहनच्या गाडीकडे गेला, दार उघडलं आणि पुढे बसला. वहिनी मागे.

आनंदवल्लीच्या सिग्नलला आमची गाडी त्यांच्या शेजारी येऊन थांबली. काचा वर होत्या, ऐकू काही येत नव्हतं. पण पुढचे दोघं भांडत होते हे स्पष्ट दिसत होतं. दादा बोट नाचवत डावीकडे दाखवत होता, रोहन स्टिअरिंगवरचा हात उचलून सरळ दाखवत होता. बहुधा रस्त्यावरून असावं. किंवा वाइनवरून. आणि मागच्या सीटवर वहिनी काचेला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं, जांभळ्या साडीचा पार चोळामोळा, चपला काढून पाय सीटवर घेतलेले.

मला वाटलं, आपण इथे आहोत हे त्यांना दाखवावं. मी हॉर्नकडे हात नेला.

"नका वाजवू," अलका म्हणाली. "ताईंना झोपू दे."